मल्लूआण्णांची दुसरी बैठक

मल्लूआण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या एका हातात बैलाचं शिंग होतं आणि दुसऱ्या हातात बांधकाम समितीच्या सभापतींची कॉलर. बैल सभापतींचाच होता. मंडईत शिरून त्यानं भाजीवाल्या बायकांना तुडवलं होतं, त्यातल्या एकीची बरगडी मोडली होती, म्हणून आण्णांनी त्याला कोंडवाड्यात घातलं. सभापती दंड न भरता तो सोडवून न्यायला आले आणि त्यांनी तो नेहमीचा प्रश्न विचारला, "मी कोण आहे, माहीत आहे का?" हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तराची अपेक्षा नसते. आण्णांनी दिलं.

"ह्या बैलाचा मालक. पर बैल बरा. त्येला एक ठोसा दिला की कळतंय."

आणि दोघांनाही आत ढकलून त्यांनी फाटकाला कडी घातली. दंड भरायला सभापती राजी झाले तेव्हा बैलानं त्यांना भिंतीशी दाबून धरलं होतं आणि त्यांच्या पांढऱ्या सफारीला शेणाचं अस्तर बसलं होतं. आण्णांनी पावतीवर शिक्का मारला आणि म्हणाले, "या पुन्यांदा."

हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेतलं. गावाचं नाव सांगत नाही. कोल्हापूरहून एस.टी.नं तासाभरात पोचता येतं, एवढं पुरे. यातली बरीच माणसं अजून हिंडती-फिरती आहेत आणि बाकीच्यांची पोरं नगरसेवक आहेत. नव्वदीच्या सुरुवातीला मी तिथं सभा लिपिक म्हणून लागलो. सभेत जे घडेल ते लिहायचं, अशी माझी समजूत होती. खरं काम ते घडलंच नाही असं वाटावं अशा भाषेत लिहिण्याचं होतं. एका सदस्यानं दुसऱ्याच्या तोंडावर पाण्याचा जग मारला आणि दोन दात पडले, तर 'पाणीपुरवठ्याच्या प्रश्नावर सदस्यांनी तीव्र भावना व्यक्त केल्या' असं लिहायचं. मला वाचनाचा नाद होता, त्यामुळं हे लवकर जमलं.

आण्णा कोंडवाड्याचे रखवालदार आणि पालिका कामगारांच्या संघटनेचे अध्यक्ष. ही दोन वेगळी कामं आहेत असं त्यांनी कधी मानलं नाही. उंची बेताची, मान जवळजवळ नव्हतीच. डोकं थेट खांद्यांवर आणून ठेवल्यासारखं. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग. घर सीमेकडच्या खेड्यातलं, आई शेवटपर्यंत कानडीतच बोलली. आण्णा चिडले की पहिली शिवी कानडीत यायची आणि दुसरी मराठीत, कुणाची गैरसोय होऊ नये म्हणून. संघटनेत बहुतेक सफाई कामगार. आण्णा त्यांच्या वस्तीत जाऊन, त्यांच्या ताटात जेवायचे. त्यावरून भावकीनं लग्नकार्याचं आवतण बंद केलं. आण्णा आवतणाशिवाय जायचे, पहिल्या पंगतीला बसायचे आणि वाढपी पुढं सरकला तर त्याचं मनगट धरून बादली स्वतःच्या पानावर वाकवायचे. मनगट सोडेपर्यंत वाढप्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं असायचं.

हात उगारायच्या आधी ते घड्याळ काढायचे. चावीचं, जुनं, पट्टा दोऱ्यानं शिवलेलं. ते जवळच्या माणसाकडं द्यायचे, आणि बैठकीत जवळचा माणूस बहुधा मी असायचो. "मास्तर, धरा जरा." मी आयुष्यात कुणाला शिकवलेलं नाही, पण हातात पुस्तक असलेला माणूस म्हणजे मास्तर, असा त्यांचा हिशोब. घड्याळ माझ्या हातात आलं की शिपाई खुर्च्या मागं ओढायचे.

कागदावर त्यांचा विश्वास नव्हता. "निवेदन दिलं की सायेब त्येच्यावर भजी ठेवून खातोय," ते म्हणायचे. "कागदाला कोण भ्यायलंय? माणूस माणसाला भितोय." एकाच गोष्टीबद्दल ते हळू आवाजात बोलायचे, ती म्हणजे पेन्शन. "पेन्शन म्हंजे काय हो मास्तर? म्हाताऱ्याच्या ताटात सुनंनं न मागता वाढलेली दुसरी भाकरी. पैली भाकरी लोकलाजेनं मिळती. दुसरीला खिशात कायतरी लागतंय."

मी त्यांचा चाहता नव्हतो, हे इथंच सांगून टाकतो. भिवाचं प्रकरण मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

भिवा गटारकामगार. संप चालू होता, गावभर कचऱ्याचे ढीग कुजत होते, डुकरं माजली होती. भिवाची बायको सरकारी दवाखान्यात होती, आणि तिच्या खिडकीखालचा बोळ कचऱ्यानं भरला होता. भिवानं पहाटे जाऊन तेवढाच बोळ झाडला. सकाळी हजेरीच्या चौकात सगळ्यांसमोर आण्णांनी त्याला गाठलं. का झाडलास, एवढंही विचारलं नाही. घड्याळही काढलं नाही. एकच थप्पड, पण ती बैलांना आवरणाऱ्या हाताची. भिवा बसलाच. कानातून रक्त आलं, मानेवरून सदऱ्यात उतरलं. भिवा उठला, रक्त पुसलं आणि म्हणाला, "बायको मरायला लागलीया तितं, मुडद्या." जमलेले लोक पायाकडं बघत पांगले.

बायको पुढं वाचली. कान वाचला नाही.

माफी आण्णांनी मागितली नाही. माफी मागणं आणि निवेदन देणं त्यांच्या लेखी एकाच जातीचं. भिवानं संघटना सोडली नाही, वर्गणीही भरत राहिला, पण आण्णा समोरून आले की जमिनीवर थुंकायचा. आण्णा त्या थुंकीला वळसा घालून पुढं जायचे. बाकी कुणी असं केलं असतं तर त्याचं काय झालं असतं, हे गावाला माहीत होतं.

पालिकेत अंदाजपत्रकाचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो. पुढच्या वर्षी कुणाला किती द्यायचं हे तेव्हा ठरतं, आणि कामगारांचा पगार, भत्ते, पेन्शन हेही तेव्हाच. आमच्याकडं त्याची एक रीत होती. तेव्हाचे नगराध्यक्ष बापूसाहेब, जुना मुरलेला माणूस. त्यांच्यात आणि आण्णांच्यात तीन बैठका व्हायच्या. पहिलीत दोन्ही बाजू आपापले आकडे सांगायच्या आणि एकमेकांचे आईबाप काढायच्या. दुसरीत आण्णा घड्याळ काढायचे आणि नगराध्यक्षांच्या टेबलावरची काच फोडायचे. तिसरीत भडंग आणि चहा यायचा आणि आकडा ठरायचा. दुसऱ्या बैठकीआधी बापूसाहेब काचेखालचा कुलदैवताचा फोटो काढून ड्रॉवरमध्ये ठेवायचे. लेखापालांनी तर अंदाजपत्रकात टेबलाच्या काचेची तरतूदच करून ठेवली होती. पगाराचा आकडा ठरायच्या आधी काचेचा ठरलेला असायचा.

मी एकदा बापूसाहेबांना विचारलं, हा तमाशा कशासाठी?

"आरं बाबा," ते म्हणाले, "मी शाणपणानं वाढ दिली तर माझंच नगरसेवक म्हंत्यात, म्हातारा ढिला पडला. काच फुटली की तेच म्हंत्यात, देऊन टाका वो, त्यो येडा हाय. आन् कामगारांचं तरी काय? काच फुटल्याचा आवाज आल्याबिगर त्यास्नी आकडा खरा वाटत न्हाय."

म्हणजे सगळं ठरवून. पण काच खरी असायची. एका वर्षी तिचा तुकडा लेखापालांच्या भुवईत घुसला. डोळा थोडक्यात वाचला. आण्णांनी त्यांना सायकलवर डबलसीट घालून डॉक्टरकडं नेलं, रक्त लेखापालांच्या धोतरावर गळत होतं आणि वाटेत दोघं महागाई भत्त्यावरून भांडत होते. टाके घालून झाल्यावर भत्ता ठरला.

दोन हजार साल उलटलं आणि बापूसाहेब पडले. रणधीरदादा नगराध्यक्ष झाले.

दादांचं वय कमी होतं आणि फलक मोठे होते. गावातल्या प्रत्येक खांबावर ते गॉगल लावून हात जोडत होते. दालनात फिरती खुर्ची आली, दारावर पितळी पाटी आली, आणि दादांच्या मागं दोन पोरं आली. ती कायम उभीच असायची. त्यांच्या मानाही आण्णांसारख्याच, म्हणजे नव्हत्याच. दादांचं पहिलं स्वप्न होतं गावाच्या वेशीवर स्वागत कमान, वर दगडी हत्ती. वेशीला लागूनच कचरा डेपो. पाहुण्यांनी आधी नाक दाबायचं आणि मग मान वर करून हत्ती बघायचे, अशी ती योजना होती.

कमानीला पैसा हवा होता. दादांनी तो सफाई खात्यात शोधला. वर्षानुवर्षं रोजंदारीवर राबलेल्या आणि नंतर कायम झालेल्या कामगारांची एक जुनी मागणी होती, की रोजंदारीची वर्षं नोकरीत धरा. ती धरली तर पेन्शन बसत होती. नाही धरली तर निरोप समारंभ, शाल, श्रीफळ आणि दादांसोबत फोटो. बापूसाहेबांनी जाता जाता मागणी मान्य केली होती, फक्त अंदाजपत्रकात तरतूद व्हायची होती. दादांनी ती खोडली. त्या उन्हाळ्यात निवृत्त होणाऱ्यांत भिवा पहिला होता. त्याला मूल नव्हतं, बायकोही मधल्या काळात गेली होती. म्हणजे पहिली भाकरी वाढणारंही कुणी नव्हतं.

पहिल्या बैठकीत दादा सिंगापूरविषयी बोलले. तिथले रस्ते कसे, शिस्त कशी.

आण्णांनी ऐकून घेतलं. "शिंगापुरात म्हातारी झाडूवाली संध्याकाळी जेवत्यात का, तेवढं सांगा."

शिपाई हसला. दादांच्या मागच्या पोरांनी त्याच्याकडं पाहिलं आणि तो हसायचा थांबला.

दुसऱ्या बैठकीच्या आदल्या दिवशी बापूसाहेब चहाच्या गाड्यावर आण्णांना भेटले. मी तिथंच होतो.

"मल्लू, जपून. ह्यो गडी आपल्यातला न्हवं. ह्येला दुसरी बैठक म्हंजे काय ठावं न्हाय."

"काच फुटल्याली समद्यास्नी कळती की, बापू."

"कळत न्हाय म्हणून तर सांगाय लागलोय."

"त्येचा बा नगरसेवक हुता, त्येला कळत हुती," आण्णा म्हणाले. "रगातात असंल."

दालनात आम्ही सहाजण होतो: दादा, मुख्याधिकारी, ती दोन पोरं, आण्णा आणि मी. दादांनी सांगितलं की तरतूद होणार नाही, पुढच्या वर्षापासून झाडलोट ठेक्यानं दिली जाईल आणि ज्यांना पटत नाही त्यांनी कोर्टात जावं. आण्णांनी मान डोलावली. घड्याळ काढून माझ्याकडं दिलं. नव्या टेबलावर नवी जाड काच होती. त्यांनी दोन्ही मुठी वर घेतल्या आणि ती फोडली.

फोडून ते एक पाऊल मागं सरले, दरवर्षीसारखे, आता पुढची बैठक कधी ते सांगा, अशा चेहऱ्यानं.

एका पोरानं दाराला कडी लावली.

पुढचं त्या पालिकेच्या भाषेत इथं सांगणं मला जमत नाही. दुसऱ्या पोरानं आण्णांच्या गुडघ्यामागं लाथ घातली आणि ते काचेवरच पडले. मग दोघंही. लोखंडी खुर्चीची घडी करून पाठीवर, बरगड्यांवर. आवाज गादी झोडल्यासारखा येत होता. आण्णांनी एकाचा पाय धरला आणि पोटरीला चावले. तो ओरडला आणि त्यानं टाचेनं त्यांचं तोंड दाबलं. दात तुटल्याचा आवाज सुपारी फोडल्यासारखा असतो. मी उठलो तसा कुणीतरी मला छातीवर ढकलून कपाटावर आदळलं. घड्याळ मुठीत होतं म्हणून हात टेकवता आला नाही, कपाटाची कड कपाळात बसली. शेवटी त्यांनी आण्णांचा उजवा हात टेबलाच्या कडेवर ठेवला आणि वर खुर्ची आणली. एकदा. परत एकदा. मुख्याधिकारी पंख्याकडं बघत होते. दादा खुर्चीतल्या खुर्चीत थोडे फिरले, भिंतीकडं.

"बास," ते भिंतीला म्हणाले.

आण्णा बराच वेळ उठले नाहीत. मग डाव्या हातानं टेबल धरून उठले. बनियन काचेनं फाटली होती, पाठ सगळी लाल. त्यांनी पाहुण्यांची खुर्ची ओढली आणि बसले. त्या दालनात मी त्यांना बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. तोंडातलं रक्त त्यांनी रुमालात घेतलं, त्यात दात होता, तो बघितला आणि रुमालाची घडी केली.

"झालं का?" त्यांनी विचारलं. शब्द नीट उमटत नव्हते. "माझं फोडून झालं. तुमचंबी झालं. दुसरी बैठक झाली म्हणायची. आता तिसरी."

दादा वळले. "काय?"

"आकडा बोला."

त्यांना खरंच तसं वाटत होतं. एवढी वर्षं ज्या रीतीनं चाललं, तीत कुणाचं काय फुटतं याला महत्त्व नव्हतं; फुटलं की बोलणं पुढं सरकायचं. या खेपेला काचेऐवजी ते फुटले होते. दादांना वाटत होतं प्रकरण संपलं, आणि समोरचा माणूस भडंगाची वाट बघत होता.

एवढ्यात बाहेरून खिडकीवर पहिला दगड आला. शिपायानं दाराला कान लावला होता आणि सगळं ऐकून तो कोंडवाड्याकडं पळाला होता. आवारात कामगार जमले होते, खोरी, फावडी, गटारात घालायच्या लोखंडी सळया घेऊन. दुसऱ्या दगडानं तावदान फुटलं. फाटक हलत होतं. मुख्याधिकाऱ्यांनी पंख्यावरची नजर काढली. "दादा, पोलीस यायला वेळ लागेल," ते म्हणाले, "आणि हे फाटक आपणच बांधलंय."

कुणाच्या ठेक्यात ते बांधलं होतं, हे दादांना माहीत असावं. त्यांचा चेहरा उतरला.

"पगारवाढ ह्या साली सोडली," आण्णा म्हणाले. "भत्ताबी सोडला. रोजंदारीची वर्सं धरायची. पेन्शनीची तरतूद आज, आत्ता."

"पैसा कुठून आणू?"

"कमानीवर हत्ती किती?"

"चार."

"दोन करा."

दादांनी मुख्याधिकाऱ्यांकडं पाहिलं. तिसरा दगड आत आला आणि फिरत्या खुर्चीच्या पाठीला लागला.

"चारी बाजूंनी शोभा हवी," दादा म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"मागनं कोण बघतंय हत्ती? दोन पुढं ठेवा. मागं नुसता दगुड." आण्णांना ठसका लागला, टेबलावर रक्ताचे थेंब उडाले. "पोलिसात मी जात न्हाय. जिन्यावरनं पडलो. हे मास्तर लिवून घेतील."

तरतूद झाली. मुख्याधिकाऱ्यांनी स्वतःच्या हातानं ती मसुद्यात घातली, दादांनी सही केली, आणि मी, कपाळाला रुमाल लावून, 'कर्मचारी प्रतिनिधींचं म्हणणं मा. अध्यक्षांनी बारकाईनं ऐकून घेतलं' असं लिहिलं.

एवढ्यावर संपतं तर आण्णांची गोष्ट मी कौतुकानं सांगितली असती. पण ते दार उघडून पायऱ्यांवर आले आणि खालच्या लोकांनी त्यांचं तोंड पाहिलं. मग आरडाओरडा झाला आणि लोंढा वर आला. दादा आणि मुख्याधिकारी मागच्या दारानं गेले. एक पोरगा त्यांच्या मागं निसटला. दुसरा, ज्याच्या पोटरीला आण्णा चावले होते, लंगडत होता म्हणून सापडला. त्याला पायऱ्यांवरून खाली ओढलं. पहिलं फावडं त्याच्या गुडघ्यावर बसलं. तो आईला हाका मारायला लागला. दिसायला पहाडासारखा, आवाज कोवळा निघाला.

"ठरलंय!" आण्णा ओरडत होते. "आरं, ठरलंय! तिसरी बैठक झाली! आता हात उचलायचा न्हाय!"

कुणी ऐकलं नाही. तेव्हा ते त्या पोरावर जाऊन पडले, पालथे, अंगाखाली घेऊन. पुढची दोन-तीन फावडी त्यांच्याच पाठीत बसली, त्यांच्याच माणसांची. मग लोकांना कळलं कुणाला मारतोय ते. कोपऱ्यात दादांची गाडी पेटली होती. भिवा गर्दीत होता का, हे मला आठवत नाही. आण्णांना कुणीतरी उचलून टांग्यात घातलं एवढं आठवतं.

त्या पोराचा पाय पुढं गुडघ्यातून गेला. एवढं झाल्यावर कुणावर तरी गुन्हा दाखल होणं भाग होतं. जमावाचा म्होरक्या म्हणून आण्णांचं नाव पहिलं आलं. ते जिन्यावरून पडले होते, त्यामुळं दालनात काही घडलंच नव्हतं. माझ्या जबाबात मी घडलेलं सांगितलं, पण दालनातल्या बाकीच्यांना काही आठवत नव्हतं. अंदाजपत्रकाच्या सभेत पेन्शनीची तरतूद मंजूर झाली, टाळ्या पडल्या, दादांनी कष्टकऱ्यांविषयी भाषण केलं. त्याच्या पुढचाच विषय कोंडवाड्याच्या रखवालदाराला बडतर्फ करण्याचा होता. तोही मंजूर झाला. बडतर्फ माणसाला पेन्शन नसते.

मी हे सांगायला घरी गेलो तेव्हा आण्णा खाटेवर पडले होते. हात प्लास्टरमध्ये, तोंड सुजलेलं. सून पेजेची वाटी घेऊन बसली होती. मी घड्याळ उशाशी ठेवलं.

"भिवाचं झालं न्हवं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"मग माझं काय हो. सूनबाई वाढतीय की." सुनेनं मान वर केली नाही. वाटीतला चमचा मात्र थोडा जोरात वाजला.

हात नीट बसला नाही. बोटं आकड्यासारखी वळलेली राहिली. बाजारच्या दिवशी व्यापाऱ्यांची जनावरं टेम्पोत चढवून ते चार पैसे मिळवायचे. संघटना दुसऱ्याकडं गेली. तो माणूस निवेदनं उत्तम लिहायचा. दादा पुढं आणखी मोठे झाले. कमान झाली, दोन हत्तींची, मागं नुसता दगड.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते काही वर्षांनी, बँकेत.

नोव्हेंबरात पेन्शनरांना बँकेत हजर राहून आपण जिवंत आहोत असा दाखला द्यावा लागतो. त्याशिवाय पुढची पेन्शन थांबते. मी माझ्या कामासाठी गेलो होतो. बँक म्हाताऱ्यांनी भरलेली, जुने झाडूवाले, गटारवाले, त्यांच्या विधवा, सगळ्या ठेवणीतली लुगडी नेसून आलेल्या. काउंटरवरचा पोरगा नवा, शहरातून आलेला. भिवाचं नाव पुकारलं गेलं आणि कुणी पुढं आलं नाही. भिवाचे पाय लुळे पडले होते, तो चढावरच्या वस्तीत अंथरुणाला होता. शेजारीण सांगत होती. पोरगा म्हणत होता, माणूस समोर हवा, नाही तर नाव बाजूला ठेवतो.

बाहेर आरडाओरडा ऐकू आला. आधी शिव्या, मग माणसं बाजूला होऊ लागली.

आण्णा पायऱ्या चढून येत होते. पाठीवर भिवा. भिवाला विचारून उचललेलं नव्हतं हे स्पष्ट दिसत होतं. वाकड्या हातानं आण्णांनी त्याच्या पोटऱ्या आकड्यात धरल्या होत्या आणि भिवा दोन्ही मुठींनी त्यांच्या डोक्यावर, खांद्यांवर, मिळेल तिथं बडवत होता. "सोड मला मुडद्या! हात लावू नकोस! तुझ्या पाठीवरनं मी सरगातबी जाणार न्हाय!" त्याला ऐकू कमी येत होतं, त्यामुळं तो सगळ्या बँकेला ऐकवत होता. एका ठोशानं आण्णांची भुवई फुटली होती आणि रक्त पापणीवर आलं होतं. ते डोळा मिटून चालत होते.

रांग दुभंगली. आण्णा काउंटरशी जाऊन उभे राहिले, धापा टाकत. पोरगा खुर्चीत मागं सरला.

"हे... हे कोण?"

"भिवा. गटारखातं." भिवानं त्यांच्या कानावर एक ठेवून दिली. आण्णांची मान हलली, पाय हलले नाहीत. "जित्ता हाय का न्हाय एवढंच बघायचंय न्हवं, सायेब? बघा की. कसा मारतोय."

पोरानं घाईघाईनं शिक्का मारला. भिवाच्या अंगठ्याला शाई लावायची होती, पण मूठ उघडेना. शेजारणीनं ती दोन्ही हातांनी उघडली. अंगठा उठला, आणि ती मूठ परत मिटून आण्णांच्या टाळूवर आली.

"झालं?" आण्णांनी विचारलं.

"झालं."

ते वळले. मी दाराशी होतो, त्यांनी मला पाहिलं की नाही कुणास ठाऊक. एका डोळ्यात रक्त होतं. पायरी चाचपत ते उतरायला लागले, आणि वस्तीच्या चढाला लागेपर्यंत भिवाच्या शिव्या ऐकू येत होत्या.